मामाचं आडनाव

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्याने आठवणी लिहाव्यात की नाही, मला ठाऊक नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण आज एका दुकानात उदबत्तीचा आणि तापलेल्या संगणकाचा वास एकत्र आला आणि वर्ध्यातला तो इंटरनेट कॅफे आठवला. नागपूरच्या एका संस्थेत माझी निवड झाली, तर ई-मेल येणार होता. शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वर्गातला, त्याच जागेसाठी अर्ज केलेला मुलगा बसायचा. एकदा माझ्या गावाचं नाव घेत तो म्हणाला, “आंजीचा न तू? तुह्या मामाचं आडनाव काय? पाय, आपलं नातंच निघते.” आमच्याकडे ओळख अशीच होते, म्हणून मी आनंदाने सांगून टाकलं. पासवर्ड विसरलात तर आईचं माहेरचं आडनाव सांगा, असा माझ्या ई-मेलचा प्रश्न होता, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही. आठवड्याभरात माझा पासवर्ड चालेना. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तर तो मोठ्याने म्हणाला, “माह्याकडे काऊन डोळे वटारून राह्यला बे? तूच विसरला असशीन, गावंढळ!” सगळे हसले. मी त्याची कॉलर धरली, तर मालकाने मलाच बाहेर ढकललं. आजही कुणी मामाचं आडनाव विचारलं की माझे दात आवळले जातात. कारण महिन्याभराने, अर्जासोबत जोडलेली माझी कागदपत्रं संस्थेकडून टपालाने परत आली आणि सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की, तुम्ही ई-मेलने नकार कळवल्यामुळे ही जागा यादीतील पुढच्या उमेदवाराला देण्यात आली आहे.