चिंगीची गोळी आणि आमचे भावजी

या, असं आत या, जवळ बसा. एक पाय उंबऱ्याबाहेर अन् डोळे मोबाईलवर ठेवून कुणी माणसाची गोष्ट ऐकतं का? वर्षवर्ष फिरकायचं नाही आणि आलं की "घाई आहे" म्हणायचं, हे कुठलं वळण? ठेवा तो फोन. आज मी तुम्हाला माझ्या धाकट्या दिरांबद्दल सांगणार आहे. त्यांच्याइतका झटपट न्याय करणारा माणूस आख्ख्या गेवराई तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका कशाचाच निकाल न लावता येणारा माणूसही झाला नाही. माणूस मात्र एकच.

भावजी आमच्या गावचे सरपंच होते. ओसरीवर लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. बांधाचं भांडण असो, नळाचं असो, नाहीतर लग्नात मानपानावरून रुसलेला मामा असो, चहा निवायच्या आत निकाल. एकदा दोघं सख्खे भाऊ लिंबाच्या झाडावरून कुऱ्हाडी घेऊनच आले. भावजींनी मिशीवर हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, "मंग, झाड तोडावं म्हणता?" जरा थांबले. "न्हाई. तोडायचं न्हाई. दोघांनी मिळून राखावं?" पुन्हा थांबले. "हां. दोघांनी राखायचं. लिंबोळ्या ज्याच्या अंगणात पडतील त्याच्या." लोक म्हणायचे, सरपंच असे थांबतात ना, तेव्हा देवाला विचारतात. देव कुठला आलाय! आतल्या दाराआड माझी जाऊ भाकरी थापत बसलेली असायची. तिची बांगडी एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. आणि वाजलीच नाही, तर भावजी खाकरून म्हणायचे, "ह्याच्यावर सोमवारी बसू." मी त्याच चुलीपाशी कालवण ढवळत असायची, म्हणून मला ठाऊक. गावाला काही कळलं नाही.

मग जाऊ गेली, आणि गावचा न्याय बसला. गावाचं सोडा, भावजींना स्वतःचं जेवण ठरवता येईना. एकदा बीडला जायला निघाले ते वाटेतल्या फाट्यावर गाडी बदलायला उतरले. एक गाडी भरलेली म्हणून सोडली, दुसरी रिकामी म्हणून सोडली, "रिकामी कावून हाय? कायतरी बिघाड असंल," म्हणून. मग ढाब्यावर शेवभाजी खावी का पिठलं, ह्याचा विचार करत नुसत्या चहावर दिवस काढला आणि दिवेलागणीला घरी परत आले. मी विचारलं, "काय झालं भावजी, बीडचं काम?" तर म्हणाले, "झालं न्हाई, पण बिघडलं बी न्हाई." त्यांच्या लेखी तेवढं पुष्कळ.

जाऊच्या मागं तिची दोन पामेरियन कुत्री राहिली, बिट्ट्या आणि चिंगी. पांढरी, मांजराएवढी, कापसाच्या बोंडासारखी. माझ्या जावेनं त्यांना ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून वाढवलेलं. भावजी आधी त्यांना "हे काय कुत्रं हाय व्हय, रुमाल हाय," म्हणायचे. ती गेल्यावर मात्र चिंगीला "बाई" म्हणायला लागले. "बाई, जेवल्या का?" "बाई, उन्हात नका बसू." एवढा मान त्यांनी जिल्ह्याच्या पुढाऱ्यालाही कधी दिला नसेल.

मागल्या वर्षी उन्हाळ्यात बिट्ट्याला खोकला लागला. चार पावलं चालला की धापा टाकायचा, मग पोट फुगलं. बीडच्या डॉक्टरकडं नेला तर त्यांनी सांगितलं, काळजात किडे झालेत. डास चावतो, त्यातून बारीक अळ्या रक्तात जातात आणि काळजात जाऊन सुतासारख्या वाढतात. आता आमच्याकडं डासांना काय तोटा? टँकरचं पाणी येतं, ते दारोदारी बॅरलात साठवायचं, आणि त्यात डासांचं गोकुळ. डॉक्टर म्हणाले, "मोठं कुत्रं थोडेफार किडे सोसतं. ह्यांचं काळीजच लिंबाएवढं. त्यात जागा कुठं आहे?" बिट्ट्या गेला. डॉक्टरांनी मग चिंगीचं रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट ही. "आत्ताच सुरू करा," म्हणाले. "महिन्याला एक गोळी. किडे वाढायचेच नाहीत."

दुसरा कुणी असता तर घरी येऊन गोळी गुळात घालून चारली असती. भावजींनी ती देव्हाऱ्यात ठेवली आणि विचारात पडले. "वैनी, रक्त चांगलं हाय म्हणतात. मंग चांगल्या जिवाला औषध कावून द्यायचं?" मी म्हटलं, "बिट्ट्यासारखं होऊ नये म्हणून." "पण हिचा जीव केवढा! गोळी सोसली न्हाई तर? माझ्या हातानं घातलेली ती." "डॉक्टरांनी वजन करूनच दिलीय ना?" "दिलीय खरी." आणि गोळी पुन्हा देव्हाऱ्यात.

शेवटी त्यांनी बैठक बोलावली. हसू नका. कुत्रीच्या गोळीसाठी ओसरीवर सतरंजी अंथरली, चहा केला, आणि मधोमध चिंगीला पोत्यावर बसवली, आरोपीसारखी. शेजारचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "द्या की सरपंच, पोरांला पोलिओचा डोस आपण काय पोलिओ झाल्यावर देतो का?" भावजी म्हणाले, "खरं हाय." समोरचे गुरुजी म्हणाले, "आमच्या शेळीला जंताची गोळी दिली, दुसऱ्या दिवशी आडवी झाली." भावजी म्हणाले, "हे बी खरं हाय." ट्रॅक्टरवाला उखडला, "गुरुजी, ती शेळी गोळीनं न्हाई, युरिया खाऊन मेली! समद्या गावानं बघितलंय!" एवढ्यात भावजींनी मिशीवर हात फिरवला आणि सवयीनं थांबले. सगळे वाट बघू लागले. दाराआड मी एकटीच होते.

ते उठून आत आले आणि हळूच म्हणाले, "वैनी, जरा बांगड्या वाजवा की." माझे मालक गेल्यापासून माझ्या मनगटात काचेची बांगडी नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी मागितलं. ते खुर्चीवर जाऊन बसल्यावर मी उलथनं उचललं आणि तव्यावर एकदा ठणकावलं, चांगलं गल्लीला ऐकू जाईल असं. बाहेरून भावजींचा आवाज आला, "वैनी, हे तव्याचं वाजलं. ह्याचं काय धरायचं?" मी ओरडले, "हो धरा! हो!" तर म्हणाले, "बोलून सांगितल्यावर त्याला काय अर्थ हाय." आणि सभेला सांगितलं, "ह्याच्यावर सोमवारी बसू."

असे सोमवार येत गेले आणि धोंड्याचा महिना लागला. अधिकात नवीन काही सुरू करू नये, हे भावजींना एवढं आवडलं की महिनाभर चेहरा उजळ होता. ठरवायचंच नव्हतं ना काही! मी चिडून म्हटलं, "जावयाला पुरणाचे धोंडे चालतात, आणि त्या मुक्या जिवाला गोळी चालत नाही?" तर शांतपणे म्हणाले, "जावई जुना हाय, वैनी. गोळी नवी हाय." महिना सरला. मग आषाढ आला, बॅरलं भरली, डास झाले. संध्याकाळी भावजी चिंगीला मांडीवर घेऊन टॉवेलानं डास हाकत बसायचे. अंधार पडेपर्यंत हात चालू. एवढे कष्ट करतील, पण ती गोळी घालणार नाहीत.

पोळा झाल्यावर चिंगी खोकली. खोकला ऐकला आणि भावजींच्या हातातली कपबशी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी चुलीकडं बघितलं. बिट्ट्याचाच खोकला होता तो. ह्या वेळी बीडला जाताना त्यांनी एकही गाडी सोडली नाही. डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि म्हणाले, आता ही गोळी नुसती देऊन भागायचं नाही. उपचार आहे, पण लांबचा आणि जड. एवढ्या जिवाला सोसेल की नाही, सांगता येत नाही. नाही केला, तर आहे ते दिवस. "तुम्ही ठरवा आणि कळवा," म्हणाले. सगळं जग सोडून हे त्यांनी आमच्या भावजींना सांगितलं!

हल्ली भावजी लोखंडी खुर्चीवर बसतात, पण खुर्ची रस्त्याकडं नसते, आतल्या दाराकडं वळवलेली असते. पायाशी चिंगी. तिलाही काय वाटतं कोण जाणे, तीही दाराकडंच कान लावून असते. मी आत भांडं उचललं तरी दोघं एकदम मान वर करतात. म्हणून मी आता भांडी आदळत नाही. देव्हाऱ्यातली गोळी अजून तिथंच आहे. रोज तिच्यावर हळदीकुंकू उडतं.

तर तुम्ही पुन्हा या, भावजी घरी असताना. पण लवकर या, चिंगी आहे तोवर. भावजी तुम्हाला ओसरीवर बसवतील, चहा देतील आणि विचारतील, "तुमाला काय वाटतं, उपचार करावा का?" तेव्हा "तुम्हीच ठरवा" एवढं मात्र म्हणू नका. हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी ठाम म्हणा. आणि येणाऱ्यांत कुणा लेकी-सुनेच्या हातात काचेच्या बांगड्या असल्या, तर तिला आधी आत माझ्याकडं पाठवा.