मगदूम मॅडमनी करून दाखवलेलं क्रियापद

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळची बॅच सुरू व्हायच्या आत, मगदूम मॅडमना राजारामपुरीतल्या आमच्या कोचिंग क्लासनं काढून टाकलं. आजारपण त्यानंतरचं. महिन्यापूर्वी त्या वारल्या, तेव्हा त्याच क्लासनं चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला... ‘प्रकृतीमुळे स्वेच्छेनं निवृत्त झालेल्या आमच्या लाडक्या मॅडम.’ फ्लेक्स उतरला, पण ते खोटं अजून तसंच आहे. म्हणून लिहिते आहे.

मी मुरगूड गावची, मराठी शाळेतली. मॅडम इंग्रजी शिकवायच्या. त्यांची रीत अशी, की क्रियापद पाठ करायचं नाही, करून यायचं, अर्थ नंतर. एकदा त्यांनी फळ्यावर ‘रिमॉन्स्ट्रेट’ लिहिलं. असला शब्द परीक्षेत सहसा येत नाही. त्या दिवसांत आमची एसटी थांब्यावर पासवाल्या पोरी दिसल्या की न थांबता पुढं पळायची. “जा, ड्रायव्हरशी रिमॉन्स्ट्रेट करून ये,” मॅडम म्हणाल्या. मी मैत्रिणी गोळा केल्या, स्टँडवर घोषणा दिल्या आणि घसा बसवून परत आले.

“काय गं, बोंबलून आलीस व्हय?”

“मग काय त्याच्या पाया पडू?”

“ते बी न्हाय. त्याच्याम्होरं उभी ऱ्हा. काय चुकतंय, का चुकतंय, ते तोंडावर सांग. त्याला उत्तर द्यायला लाव. न्हाय दिलं तर उद्या परत जा की!”

गेले. ड्रायव्हरला म्हटलं, “मामा, गाडी चुकली की घरचे म्हणतात, शिकणं बास. मग आम्ही काय करायचं, तुम्हीच सांगा.” दुसऱ्या दिवशी गाडी थांबली.

शब्दकोशात या शब्दापुढं ‘निषेध करणे’ एवढंच आहे. मला ते अपुरं वाटतं. निषेध पत्रकं वाटून लांबूनही करता येतो. रिमॉन्स्ट्रेट करायला माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि त्याला कारण कळेल असा विश्वासही धरावा लागतो.

पुढं क्लासनं मुरगूड-आजऱ्याकडच्या मराठी माध्यमाच्या पोरांना गच्चीवर पत्र्याखाली बसवलं. बाकीची खाली, एसी हॉलमध्ये. मॅडम क्लासच्या मालकांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मी दारातच होते.

“सर, परीक्षा एकच हाय. मग वरची पोरं पत्र्याखाली का?”

“पालकांची तक्रार नाही. तुम्हाला कशाचा त्रास?”

“त्रास राहू दे. कारण सांगा.”

मॅडम दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत रोज तेच विचारायला जात राहिल्या, आवाज न चढवता. आम्ही गच्चीच्या कठड्यावरून त्यांना जिना उतरताना बघायचो, आणि छाती फुगायची. आपल्यासाठी असं कुणी चालत गेलेलं आम्ही तोवर पाहिलं नव्हतं. त्यांना काढलं त्याचा संताप आहे. पण त्या हरल्या असं कुणी म्हणू नये. त्या शेवटपर्यंत, मालकांसमोर उभ्या राहूनसुद्धा, आम्हाला तेच क्रियापद शिकवत होत्या.

पोरं आजही पत्र्याखालीच आहेत. तुमचं पोरगं त्या क्लासला खालच्या हॉलमध्ये बसत असेल, तर श्रद्धांजली म्हणून मोबाइलवर ठेवलेलं मॅडमच्या फोटोचं स्टेटस काढून टाका. सोमवारी मालकांच्या केबिनमध्ये जा, समोर उभे राहा आणि कारण विचारा. नाही सांगितलं, तर मंगळवारी परत जा.