आबांची दोन मिनिटं

आबांचा उजवा कान माझ्यामुळे गेला. ट्रॅक्टरचं चाक खोलायची लोखंडी टॉमी दुसऱ्याच कुणाच्या हातात होती आणि मी नाशिक रोडच्या ऑफिसात पंख्याखाली बसलो होतो. तरीही हे असंच लिहायला हवं.

आबा आमच्याकडे सर्व्हर सांभाळायचे. आम्ही लिहिलेला नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढवायचा, जुना उतरवायचा, बिघडलं तर जुना परत आणायचा, हे त्यांचं काम. मूळचे नामपूरचे, अंगाने बैलासारखे. जुना प्रोग्राम हाती घेतलेलं काम संपवेपर्यंत थांबायचं आणि मगच तो बंद करायचा, हा त्यांचा नियम. चढवायच्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी त्यांनी दोन मिनिटं लिहून ठेवली होती. कुणी घाई केली की अहिराणीत म्हणायचे, "थांब रे भाऊ, त्यानं काम चालू शे." तोंडात घास असलेल्या माणसाला पानावरून उठवतात का, असं वर विचारायचे.

एकदा एका नव्या इंजिनिअरने वैतागून चालत्या मशीनची वायर उपटली. आबांनी कॉलर धरून त्याला भिंतीवर असं आपटलं, की वरचं घड्याळ पडून फुटलं. मग त्यांनीच त्याची कॉलर सरळ केली, काचा गोळा केल्या, चहा मागवला. "मला स्वतःलाच थांबता येत नाही," म्हणाले, "म्हणून तर दोन मिनिटं लिहून ठेवलीत."

पिंपळगावजवळच्या एका खासगी कांदा बाजारात आमचा प्रोग्राम चालायचा. फाटकातून ट्रॅक्टर आत आला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर नंबर यायचा आणि त्याच क्रमाने लिलाव व्हायचा. बाजार चालू असताना काही चढवायचं नाही, हे आबांनी बजावलेलं होतं. त्या सकाळी ते बाजाराच्या केबिनमध्ये नवा स्क्रीन बसवत होते. इकडे व्यवस्थापकाने एका बदलासाठी माझ्यामागे तगादा लावला होता. मी चढवायला घेतलं. जुना प्रोग्राम थांबेना. मी दोन मिनिटांच्या जागी शून्य लिहिलं आणि तो मारून टाकला. सगळी रांग त्याच्याच पोटात होती. स्क्रीनवरचे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले.

पहाटेपासून उभे असलेले तसेच राहिले आणि नुकते आलेले पुकारले गेले. आधी शिव्या, मग कॉलरी, मग दगड. एकाने रागाने ट्रॉली मागे घेतली आणि मागे उभ्या असलेल्याचा पाय चिरडला. केबिनची काच फुटली तेव्हा आबांचा फोन आला. मागचा आरडाओरडा मला ऐकू येत होता.

"सुनील, आत्ता काही चढवलंस का?"

"नाही, आबा."

दर पाच मिनिटांची रांगेची प्रत ते वेगळी ठेवायचे. मी हो म्हटलं असतं, तर त्यांनी ती लगेच परत लावली असती. पण माझ्या शब्दावर ते वायरी तपासत बसले. दारात आलेल्यांना त्यांनी सांगितलं, "ऑफिसात सगळं ठीक आहे, माझ्याच हातून इथं काही बिघडलं असेल."

लोकांनी त्यांना केसांना धरून काचांवरून फरफटत बाहेर काढलं. लाथांनी नाक फुटलं, दोन दात पडले. तिघांना उचलून फेकेल असा तो माणूस दोन्ही हात वर धरून, रक्त थुंकत, "दोन मिनिटं थांबा" एवढंच म्हणत होता, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. मग कानामागे टॉमी बसली.

दवाखान्यातून सुटले आणि नोकरी सोडून ते नामपूरला गेले. सर्व्हरच्या नोंदीत माझं नाव होतं, वेळ होती. ती नोंद पुसायला बसलो तेव्हा दिसलं, की तिची एक प्रत आबांच्या खात्यात आधीच पडलेली आहे. ती त्यांनी कुणालाही दाखवली नव्हती. मलासुद्धा.

दोन वर्षांनी मी नामपूरला गेलो. आबा आता विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतात. एक उघडा स्टार्टर मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो आणि खाली बघत जे बोलायचं ते बोललो. ते स्क्रू फिरवत राहिले. मग मान वळवून म्हणाले, "त्या बाजूनं ऐकू येत नाही, सुनील. माहीत आहे तुला."

माहीत होतं. म्हणूनच मी तिकडे बसलो होतो.

मी उठलो, त्यांच्या डावीकडे जाऊन बसलो. आबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि ते थांबले.

"आबा, मीच चढवलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. मला माफ करा."