थावरीने दगड का उचलला

"खाली बस की," मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले. "पाहुणी आलीये तुझी."

खोलीत हशा पिकला. साहेबांच्या खुर्चीमागे चार-पाच शिकाऊ डॉक्टर उभे होते. सिस्टर दाराशी. मी वॉर्डबॉय, अंगावर खाकी. समोर फरशीवर एक भिल्ल बाई, हात तिच्याच ओढणीने बांधलेले. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो.

चूक माझीच झाली, असं तेव्हा वाटलं. बाईने पाणी मागितलं होतं, तिच्या बोलीत. खोलीत कोणाला कळलं नाही. माझे पाय मात्र माठाकडे वळले. साहेबांनी ते पाहिलं.

"अरे वा, ह्याला जंगली येते." मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, "क्यों भिया, घर में भी यही चलती है क्या?"

मी हसलो. सगळ्यांबरोबर मीही हसलो.

ह्याला चाळीस वर्षं होऊन गेली. इंदूरचं ते खासगी मनोरुग्णालय आजही चालू आहे. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, हे त्या एका इमारतीचं पाप. बाईचं नावही बदललं आहे, खरं नाव तिच्या घरच्यांचं. इथे तिला थावरी म्हणतो.

साहेब दरबारी घराण्यातले. त्यांचे आजोबा होळकरांच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांचा फोटो साहेबांच्या टेबलामागे होता. माझे पणजोबा त्याच होळकरांच्या फौजेत शिपाई. मल्हारगंजात खोली घेताना मी घरमालकिणीला एवढंच सांगितलं. फौजेतलं घराणं म्हटल्यावर तिने चहा दिला, कपबशीत. पुढचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढचं असं की आम्ही महार. वडील धारच्या पलीकडे जंगलनाक्यावर चौकीदार होते. नाक्याजवळच्या गावात विहिरीला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. पाणी भरायचो ते भिल्लांच्या वस्तीवर, त्यांच्या झऱ्यावर. तिथे कोणी कधी अडवलं नाही. मी चालायला त्या वस्तीत शिकलो, बोलायलाही तिथेच. पुढे नोकरीसाठी इंदूरला निघालो तेव्हा बेटम्याला बस बदलली आणि ठरवलं, ती बोली इथे स्टँडवरच सोडायची. दहा वर्षं जिभेवर येऊ दिली नाही. त्या दिवशी माठाकडे दोन पावलं टाकली आणि उघडा पडलो.

थावरीला घेऊन ठेकेदाराचा माणूस आला होता. शहराबाहेर एका इमारतीचं काम चालू होतं, तिथली ती मजूर. तो हिंदीत सांगत होता की साहब, ये पत्थर उठाती है, दिवसभर ढिगाऱ्यावर असते, बाकीचे मजूर घाबरून कामावर येईनात.

"विचार तिला, दगड कशाला उचलते," साहेब मला म्हणाले. "दोन शब्दांत सांग. रामायण नको."

मी विचारलं. ती बोलू लागली. सावकाश, नीट, एकामागून एक. ती जे बोलली ते इथे मराठीत लिहितो.

तिचा मुलगा परांचीवरून पडून मेला होता. लग्न व्हायचं होतं त्याचं. ठेकेदाराने त्याला गावी न नेता इथेच जाळून टाकलं. अवेळी गेलेल्या माणसासाठी त्यांच्यात गावाच्या वेशीवर दगड उभा करतात. गातला म्हणतात त्याला. त्यावर घोडेस्वार कोरतात, वर चंद्रसूर्य. दगडाला मोहाच्या दारूची धार देतात, जेवण घालतात. मग त्या जिवाला बसायला जागा होते. तोवर तो भटकत राहतो. तिचा मुलगा रोज दिवेलागणीला झोपडीच्या दाराशी यायचा. आत येत नव्हता. "आई, मी बसू कुठे?" एवढंच विचारायचा. म्हणून ती ढिगाऱ्यातून दगड निवडत होती. उचलायचा, उंची बघायची, ठेवायचा. चांगला मिळाला की गावी न्यायचा. कोणाला मारायला ती दगड उचलत नव्हती.

मला हे कळायला कष्ट पडले नाहीत. आमच्या नाक्याच्या वाटेवर असे सात-आठ दगड होते. माझ्याबरोबर गुरं राखणाऱ्या पोराचा भाऊ पुरात गेला, त्याचा दगड उभा राहताना मी तिथे होतो. त्या पंगतीत जेवलो आहे.

"हं?" साहेब म्हणाले.

"दगड उचलते म्हणते, साहेब."

"ते आम्हालाही कळलं. कशाला?"

शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे बघत होते. गातला म्हटलं की आणखी एक हशा होणार. मग कोणीतरी विचारणार, तुला कसं ठाऊक? मग नाका, वस्ती, झरा. मग आम्ही झऱ्यावर का जायचो, ते. सगळं एकाच धाग्याने बांधलेलं होतं. एक गाठ सोडली असती तर मी पूर्ण उसवलो असतो.

"माहीत नाही म्हणते," मी म्हणालो.

साहेबांनी लिहिलं. पेन थांबला तशी थावरी माझ्याकडे वळली.

"सांगितलंस ना?"

"सांगितलं."

तिने मान हलवली. समाधानाने. आता आपल्याला सोडतील, असं तिला वाटलं असावं.

आठ महिने ती आमच्या वॉर्डात होती. इंजेक्शनं, गोळ्या, शॉक. शॉक देताना पाय मी धरायचो. सुरुवातीला दिवेलागणीला ती वॉर्डाच्या दाराकडे तोंड करून बसायची. कागदावर लिहिलं गेलं, भास चालू आहेत. पुढे ती कुठेच बघेनाशी झाली. कागदावर लिहिलं गेलं, सुधारणा.

मग तिचा भाऊ शोधत शोधत आला. त्याने तिच्यासमोर बसून तिच्या मुलाचं नाव घेतलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने परत नाव घेतलं. ती तशीच. त्याने तिला हाताला धरून उठवलं. मी त्याच्याशी त्याच्या बोलीत बोललो होतो, म्हणून जाताना त्याने मला हात जोडले. "इथे आपला एक माणूस होता, बरं झालं," तो म्हणाला.

त्यानंतर मी तिथे सव्वीस वर्षं नोकरी केली. निरोपाला साहेबांनी घड्याळ दिलं. मी ते हातात घातलं.

साहेब आता नाहीत. त्यांची मुलगी, सगळ्यांची मॅडम, रुग्णालय चालवते. ती मला काका म्हणते, बसा म्हणते. मागच्या हिवाळ्यात तिने एक नवा विभाग काढला. भिल्ल मजूर, सिंधी, बोहरा, मराठी, इंदुरात जो येईल त्याला त्याच्या बोलीत, त्याच्या रीती समजून उपचार द्यायचे. काम चांगलं आहे, हे मी मनापासून म्हणतो. तिथल्या नव्या समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला तिने मला बोलावलं. पुढच्या रांगेत बसवलं.

पडद्यावर एक जुना केसपेपर आला. नावावर काळी पट्टी. साहेबांचं इंग्रजी अक्षर, खाली हिंदीत अर्थ. हिंसक. दगड उचलते. दुभाष्यामार्फत विचारले असता कारण माहीत नाही म्हणते.

"देखिए, उस ज़माने में भी हमारे यहाँ इंटरप्रेटर थे," मॅडम म्हणाल्या. "और वो आज हमारे बीच बैठे हैं." टाळ्या वाजल्या. "काका, दोन शब्द बोला ना."

मी उठलो. गुडघे धरले होते, वेळ लागला.

"हा कागद खोटा आहे," मी म्हणालो. "खोटं मी सांगितलं."

मग सगळं सांगितलं. हिंदीत. फरशीवर बसवल्यापासून, पाय धरण्यापर्यंत. झरा सांगितला, जात सांगितली. मल्हारगंजात आज माझे नातू शिकतात, त्यांचे मास्तर पाहुणे म्हणून त्या खोलीत होते. तरी सांगितली. शेवटी थावरीचं बोलणं तिच्या बोलीत म्हटलं, जसं आठवलं तसं. त्या इमारतीत ती बोली मी पहिल्यांदा मोठ्याने, कोणाच्या हुकमाशिवाय बोललो.

"काका, आपण हे नंतर बोलू. प्लीज," मॅडम म्हणाल्या.

"नंतर नाही."

"बाबांनी तुम्हाला नोकरी दिली होती." हे त्या अगदी हळू म्हणाल्या, मराठीत.

"दिली होती. आणि फरशीवर बसवलं होतं. दोन्ही लिहा."

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. अलीराजपूरकडची, भिल्ल, शिकून समुपदेशक व्हायला आलेली. ती माझ्याशी तिच्या बोलीत बोलली.

"तुला कळलं होतं."

"हो."

"मग?"

"भीती वाटली."

"मारलं असतं त्यांनी?"

"नाही. हसले असते."

"एवढंच?"

"एवढंच."

मग तिने विचारलं, बाई कुठल्या गावची? मला माहीत नव्हतं. आठ महिन्यांत मी विचारलं नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं आणि म्हणालो, गाव शोधून काढू, त्या पोराचा दगड मी उभा करतो. माझी काही पेन्शन आहे.

"नको," ती म्हणाली. "तो तुझ्या जिवाला हलकं वाटावं म्हणून नसतो."

बरोबर बोलली. ती माझ्याशी परत कधी नीट बोललेली नाही. तेही बरोबरच आहे.

मी रुग्णालयाला लेखी अर्ज दिला. त्या केसपेपरला माझा एक कागद जोडा, म्हणजे जो कोणी पान उलटेल त्याला तो दिसेल. उत्तर आलं, जुनं रेकॉर्ड बदलता येत नाही. मी दुसरा अर्ज दिला आहे. तिसरा लिहून ठेवला आहे. दर मंगळवारी मी त्या विभागात दुभाष्या म्हणून जातो. माझी अट एकच, रुग्ण खुर्चीवर बसेल आणि मीही बसेन. थोडक्यात सांगा, असं परवा एक डॉक्टर म्हणाले. सांगेन तर पूर्ण सांगेन, मी म्हणालो. त्यांनी घड्याळ पाहिलं, मी पाहिलं नाही. मग ते म्हणाले, बरं, सांगा.

जोडायचा कागद असा आहे:

ती हिंसक नव्हती. ती मुलासाठी दगड निवडत होती. हे तिने स्पष्ट सांगितलं. मला सगळं कळलं. मी सांगितलं नाही.

खाली माझी पूर्ण सही आहे. ह्यातला एक शब्दही मी कमी करणार नाही.