ताटलीपर्यंतचा रस्ता

कुरुळीहून निघालो तेव्हा रविवार असूनही रस्ता ट्रकांनी तुंबलेला होता. कारखान्यांच्या या पट्ट्यात ट्रकांना रविवार नसतोच. ढोलकी मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. मोशीला इंद्रायणी ओलांडली, तेव्हा पाण्यावर कपडे धुतल्यासारखा फेस होता.

भोसरीला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं पिशवीच्या आकारावरून ओळखलं. "कुठली सुपारी, भावा?" (सुपारी म्हणजे आम्हा वाजवणाऱ्यांचं ठरलेलं काम.) चर्चला चाललोय म्हटल्यावर तो आरशातून बघतच राहिला. मग म्हणाला, देव कुणाचा का असेना, ठेका चुकला नाही म्हणजे झालं. मी हसलो खरा, पण आता मी तिथं नुसता वाजवायला जात नव्हतो.

कंपनीतल्या सॅम्युअलनं मला पहिल्यांदा नेलं. त्यांचा ढोलकीवाला गावी गेलेला, एवढा एक रविवार निभावून ने म्हणाला. मी परभणीकडचा, भजनात वाढलेला. वाजवायला कुठंही जाईन. तिथल्या एका गाण्यात येशू हरवलेल्या माणसाला नावानं हाका मारत फिरतो. त्या चालीची आधी बोटांना गोडी लागली आणि मी जातच राहिलो. मग कंपनीत प्रेस मशीनच्या धडधडीतही ती ऐकू येऊ लागली, आणि हळूहळू चाल मागं पडून नुसती हाक उरली. मला येशूचं व्हायचं होतं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

संत तुकाराम नगरात एका दुकानावरच्या हॉलमध्ये उपासना असते. चपला जिन्यात, आत सतरंज्या. त्या दिवशी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) होतं. महिन्यातला तो एक रविवार एरवी माझा ओव्हरटाइममध्ये जायचा, त्यामुळे मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

मंडळीतले डॅनियलकाका ताटली घेऊन फिरत होते. मी हलका ठेका धरला होता. ताटली जवळ आली तशी ढोलकी थांबवली, हात पँटला पुसला, डाव्यावर उजवा ठेवून पुढे केला आणि डोळे मिटले. आमच्याकडे प्रसाद असाच घेतात, आणि प्रसादाला वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत.

हातावर काहीच पडलं नाही.

डोळे उघडले, तर काका वाकलेले. "हा प्रसाद नाही, राजाभाऊ," ते कानाशी म्हणाले. "बाप्तिस्मा झाला की घ्या."

ताटली पुढे गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठेका पुन्हा धरला तो कसाबसा. राग यायला हवा होता, पण आली ती भूक. चिमटीत मावेल एवढा तो तुकडा, आणि मला तो इतका हवासा वाटला की वाजवता वाजवता डोळे ताटलीमागंच फिरत राहिले.

नंतर काकांनी स्वतः चहा आणून दिला. त्यांनाही वाईट वाटलं होतं. आम्ही कुणाला ओढत नाही, म्हणाले. घरी बोला, शांत डोक्यानं ठरवा. चहा पिऊन मी ढोलकी पिशवीत भरली.

परतीच्या बसमध्ये उभ्यानं आलो. लताशी, म्हणजे बायकोशी, कसं बोलायचं याची वाक्यं जुळवत होतो. एकही धड जुळलं नाही.

आज तिकडं भाकर वाटतात हे तिला सॅम्युअलच्या बायकोकडून कळलं होतं. दारातच तिनं हात पुढे केला.

"मलाच दिली नाही," मी म्हणालो.

ती चिडली. हात मोडेस्तोवर वाजवून घेतात आणि प्रसादाला नाही म्हणतात, ही कुठली रीत? मग मी सगळं सांगितलं. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात बुडी घेऊन येशूचं होणं, आणि मला तो घ्यायचा आहे, हेही.

"आजवर तुम्ही अर्धा मला दिल्याबिगर प्रसाद तोंडात नाही घातला," ती म्हणाली. "ह्यो एकट्यानंच खाणार का?"

वाजवायला गावोगाव हिंडलो, पण घरी परतणं इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. तो तुकडा मला हवा आहे, आजही हवा आहे. लताचा हात मात्र तसाच पुढे होता, आणि त्यावर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.