डाव्या हाताचा मोर्स

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज आमच्या हौशी रेडिओवर माझ्या मित्राचा, दिनकरचा मोर्स, म्हणजे कळ दाबून पाठवलेला टिकटिक संदेश, ऐकला. एकेकाळी सरसर धावणारा, आता डाव्या हाताने अडखळत येणारा.

संदेश दूरवर पोचवणारा आमचा घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर दोघांनी उचलावा इतका जड. तेव्हा दिनकर आणि मी तो उचलताना माझ्या बोटांना झिणझिण्या आल्या आणि आठवलं, आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली, यंत्र बंद असतानाही झटका देणारी वीज मी उतरवलेलीच नाही. झिणझिण्या कदाचित नुसत्या वजनाच्याही असतील. मी घाबरून अ‍ॅम्प्लिफायर सोडला.

"धर की लेका, पाय जाईल तुझा!" दिनकर ओरडला, पण त्याने सोडला नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं चेचली.

"घामाने निसटला याच्या हातून," असं तोच सगळ्यांना सांगतो. जड वस्तू उचलताना माणूस समोरच्याच्या हातांवर भरवसा ठेवूनच वाकतो.

निसटला नव्हता, मी सोडला होता, एवढं दिनकरला सांगणं अजून बाकी आहे.