समुद्रातली गोड विहीर

बी. ए. होऊन शाळेत लागलो, त्या वर्षी आमच्या नवी पेठेतल्या मंडळींनी कौतुकाने मला मालवणचा समुद्रातला किल्ला पाहायला बरोबर नेले. आम्ही चाळीस जण होतो. त्यांतला केम गावाहून आलेला एक वयस्क शेतकरी तट, तोफा काहीच पाहीना. होडीतून उतरताच त्याने विचारले, "हितली हिर कुटं हाय?"

"आधी देऊळ बघू," मी म्हणालो.

"द्येऊळ काय पळून जातंय व्हय, मास्तर?"

विहिरीकडे जाताना कळले, त्याच्या रानात दोन विहिरी पाडल्या, दोन्ही मचूळ निघाल्या. तिसरीला घरच्यांची साफ ना होती.

नावाड्याने पाणी शेंदून दिले. शेतकऱ्याने जोडे काढले, ओंजळभर पाणी तोंडात धरून डोळे मिटले आणि बराच वेळ घोळवले. मग गिळले, आणि ओल्या मिशांतून खदखदून हसला.

"चारी अंगाला खारं, अन् मधी ह्ये लई गोड! माज्या रानाला तर समिंदर बी न्हाय की!"

इतिहास मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या इतिहासाच्या भरवशावर कुणी विहीर पाडायला निघालेले प्रथमच पाहिले. परतीच्या होडीत तो मला, समोरच्या लाटांवर बोट रोखून, तिसऱ्या विहिरीची जागा दाखवत होता.